काळोखातली रपेट

दसरा झाला की मराठ्यांचा घोडा बाहेर पडत असे. पावसाळ्याचे महिने छावणीत काढलेली, वैरण खाऊन सुस्तावलेली जनावरे त्या दिवशी धुऊन-पुसून उभी करीत, त्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा घालीत, त्यांची पूजा होई आणि सीमोल्लंघन करून पथके मुलूखगिरीला निघत. नद्यांचे पाणी ओसरलेले, वाटा वाळलेल्या, रानात गवत उभे आणि हवेत सुखद गारवा, असा तो काळ. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे या राजधान्यांत दसऱ्याची स्वारी निघे तेव्हा तिच्यात घोड्याला मोठा मान असे, तो या परंपरेतूनच आलेला होता. त्यामुळे मराठी मनात हिवाळा आणि घोडा यांची सांगड आनंदाची आहे. हिवाळा हाच घोडेस्वारीचा खरा मोसम, असे येथे कोणीही म्हणेल.

परंतु श्रोतेहो, पृथ्वीच्या पाठीवर असेही देश आहेत, की जेथे हिवाळा आला म्हणजे घोड्यावर बसण्याची इच्छाच माणसाला सोडून जाऊ पाहते. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेतीनच्या सुमारास मावळतो. जेमतेम सहा तासांचा दिवस, आणि तोही पुष्कळदा ढगांआड गेलेला. आइसलंडमधील रेक्याविक येथे हाच दिवस चार तासांवर येतो. नॉर्वेच्या उत्तरेकडील ट्रॉम्सो या गावी तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्यबिंब क्षितिजाच्या वर येतच नाही.

या देशांत घोड्याचे लढाईतले आणि नांगरावरचे काम केव्हाच संपले. तरी घोडा गेला नाही. स्वीडनमध्ये लहानमोठ्या गावांतून घोडेस्वारीच्या शाळा आहेत, मुलांच्या आवडत्या खेळांत घोडेस्वारीची गणना होते आणि स्वारांमध्ये मुली व स्त्रिया यांचीच संख्या फार मोठी आहे. यांतील बहुतेकांचा पोटापाण्याचा व्यवसाय वेगळा असतो. घोडा हा त्यांच्या दिवसाच्या उरलेल्या तासांचा सोबती. आणि हिवाळ्यात हे उरलेले तास सगळेच्या सगळे काळोखातले असतात.

अशी एखादी शिक्षिका कल्पनेने डोळ्यांसमोर आणावी. तिचा घोडा गावाबाहेरच्या एका सामाईक तबेल्यात बांधलेला आहे. सकाळी ती शाळेत गेली तेव्हा अंधार होता, चार वाजता ती बाहेर पडली तेव्हाही अंधारच आहे. पारा शून्याखाली आठ अंशांवर. घरी गेले तर दिवा आहे, शेगडी आहे, गरम कॉफी आहे. तबेल्यात गेले तर लोखंडासारखी कडक झालेली चिखलाची वाट, गोठलेली कुलुपे, थंडीने ताठ झालेले कातडी पट्टे आणि बधिर होणारी बोटे. जून महिन्यात याच घोड्यावर बसून ती रात्री दहा वाजता उन्हात फिरली होती. तीच बाई, तोच घोडा. आणि आज मात्र घराच्या वळणावर तिचे पाय अडतात. ‘आज राहू दे, उद्या जाऊ,’ असे मन म्हणते. उद्याही तेच म्हणते. असे आठ ‘उद्या’ गेले म्हणजे हिवाळ्यातली स्वारी संपली असे समजावे.

या अडलेल्या पायांना आळस म्हणणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. उजेड कमी झाला म्हणजे माणसाच्या शरीरातली झोपेची आणि जागेपणाची घडी बिघडते. अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांचे सहकारी यांनी १९८४ साली हिवाळ्यात येणाऱ्या व वसंतात ओसरणाऱ्या खिन्नतेचे शास्त्रीय वर्णन केले. झोप वाढते, गोडधोड खावेसे वाटते, उत्साह मावळतो, माणसांत मिसळणे नकोसे होते. सगळ्यांनाच हा विकार होतो असे नाही. पण त्याची सौम्य छाया उत्तरेकडील पुष्कळ माणसांवर पडते. प्रखर उजेड हा त्यावरचा एक उपाय मानला जातो. आणि उजेडाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दिवसा आभाळ भरलेले असले तरी उघड्यावरचा उजेड घरातल्या दिव्याच्या कित्येक पटींनी अधिक असतो. म्हणून तेथले जाणते स्वार शनिवार-रविवारी दुपारचे दोन तास घोड्यासाठी राखून ठेवतात आणि बाजारहाट काळोखात करतात. आठवड्यातून दोन वेळा का होईना, पण दिवसाच्या उजेडात रपेट, हा त्यांचा पहिला नियम.

घरी थांबू पाहणारे मन आणखी एक सबब पुढे करते. ती अशी, की बिचाऱ्या घोड्याला थंडी वाजत असेल, त्याला कशाला बाहेर काढायचे? येथे माणूस आपली थंडी घोड्याच्या अंगावर पांघरतो. घोड्याचा हिवाळा माणसाच्या हिवाळ्यासारखा नसतो. दिवस लहान होऊ लागले की, अजून थंडी पडायची असतानाच, त्याच्या अंगावर दाट केस उगवू लागतात. हा बदल मुख्यतः उजेडाच्या मापाने होतो. असे केस आलेला, थंडीला सरावलेला, पोटभर खाणारा आणि कोरडा असलेला मोठा घोडा वारा नसेल तर शून्याखाली सुमारे १५ अंशांपर्यंत विशेष प्रयास न पडता शरीराची ऊब राखतो. सैबेरियातील याकुतियाचा घोडा तर उणे ५० अंशांतही उघड्यावर राहतो आणि बर्फ खुराने उकरून खालचे गवत खातो. याकुत लोक आपल्या घोड्यांसह त्या मुलखात येऊन काही शतकेच झाली आहेत आणि एवढ्या अवधीत ही जात तेथल्या थंडीला जुळवून घेती झाली, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने दाखविले.

मात्र या उबेला एक अट आहे. ती अट म्हणजे वैरण. घोडा वाळले गवत खातो तेव्हा त्याच्या अंधांत्रात आणि मोठ्या आतड्यात असंख्य सूक्ष्म जीव ते गवत आंबवतात आणि त्या क्रियेतून उष्णता निघत राहते. घोड्याची शेगडी त्याच्या पोटात असते आणि तिचे जळण म्हणजे गवत. पाचशे किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला आठ-दहा किलो वाळले गवत लागते. कडाक्याच्या थंडीत त्याहून अधिक. हे गवत तुटले म्हणजे काय होते हे मराठी माणसाला इतिहासाने फार कठोरपणे शिकविले आहे. १७६०–६१ च्या हिवाळ्यात पानिपतावर अडकलेल्या छावणीची रसद तुटली, वैरण संपली आणि १४ जानेवारी १७६१ रोजी संक्रांतीच्या सुमाराच्या थंडीत जे घोडदळ रणात उतरले त्याच्या घोड्यांच्या अंगात भुकेने त्राण उरलेले नव्हते. शौर्य होते, परंतु शौर्य वाहून नेणारी पाठ उपाशी होती.

पाण्याचेही असेच आहे. दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी पिणारा घोडा बर्फासारखे पाणी मिळाले तर कमी पितो. कोरडे गवत पोटात साठते आणि त्यातून पोटशूळ उठतो, तो प्रसंगी प्राणावर बेततो. म्हणून हिवाळ्यात बादलीवरचा बर्फ फोडणे, पाण्यात गरम पाणी मिसळून ते कोमट करणे, ही कामे रोजची आहेत. ती उद्यावर टाकता येत नाहीत.

आणि येथेच या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. स्वारीची इच्छा हिवाळ्यात टिकवावी कशी, असा प्रश्न तेथले लोक दरवर्षी एकमेकांना विचारतात. परंतु जे वर्षानुवर्षे टिकून राहिले त्यांच्या वागण्याकडे पाहिले तर असे दिसते, की ते इच्छेची वाटच पाहत नाहीत. त्यांनी स्वारीचा निर्णय इच्छेच्या हातून काढून घेतला आहे. तबेल्यात जावयाचे किंवा नाही, हा त्यांच्यापुढे प्रश्नच नसतो. घोड्याला भूक आहे, तहान आहे, ठाण लिदीने भरले आहे, तेव्हा जावयाचेच. आपली ती शिक्षिका घराच्या वळणावर थांबली, कारण तिने मनाला विचारले, ‘आज घोड्यावर बसायचे का?’ तिने एवढेच विचारावयास हवे होते, की ‘घोड्याने पाणी प्याले असेल का?’ या दुसऱ्या प्रश्नाला ‘उद्या पाहू’ हे उत्तर देता येत नाही.

एकदा तबेल्यात पाऊल पडले म्हणजे पुढची कामे एकामागून एक येतात. दार उघडताच गवताचा आणि जनावराच्या उबेचा ओळखीचा वास येतो. घोडा मान वळवून पाहतो, बारीक आवाजात हुंकारतो. लीद काढता काढता माणसाचे अंग तापते. खरारा करू लागले की घोड्याच्या अंगाची ऊब हातमोज्यांतून बोटांना लागते. वीस मिनिटांत सकाळपासून ताठलेले खांदे सैल होतात. मग भिंतीवरचे खोगीर उचलणे तितकेसे अवघड वाटत नाही. काम आधी आले आणि त्याच्या मागोमाग इच्छा आली. ज्यांना हा क्रम उमजला ते हिवाळ्याला भीत नाहीत. शाळेतल्या मुलांना निबंध लिहावयास लावताना प्रत्येक शिक्षक हेच करतो. मुलाला लिहावेसे वाटेपर्यंत तो थांबत नाही, पाटी पुढे ठेवून पहिली ओळ लिहावयास सांगतो.

याला आणखी दोन-तीन गोष्टींची जोड हे लोक देतात. एक म्हणजे सोबत. मंगळवारी सात वाजता शेजारच्या ठाणातल्या घोड्याची मालकीण वाट पाहत उभी राहणार आहे, हे ठाऊक असले की घरी बसणे अवघड होते. एकाच घोड्याचे वार दोघी-तिघींत वाटून घेण्याचीही रीत तेथे रूढ आहे. मालकिणीच्या अंगावरचा भार हलका होतो, ज्या मुलीला स्वतःचा घोडा परवडत नाही तिला घोडा मिळतो आणि घोड्याला रोज कोणीतरी माणूस मिळते. घोडेस्वारीच्या शाळांत तर मुलांना आधी घोडा पुसावा लागतो, खूर साफ करावे लागतात आणि मगच वर बसावयास मिळते. बारा वर्षांची मुलगी आपल्या तिप्पट उंचीच्या सावलीत बादली उचलून चालते आहे, हे दृश्य त्या देशात हिवाळ्याच्या कोणत्याही संध्याकाळी दिसेल.

दुसरी गोष्ट म्हणजे बेत लहान ठेवणे. उन्हाळ्यातली दोन तासांची रपेट डोळ्यांपुढे ठेवली तर डिसेंबरची संध्याकाळ अपुरीच वाटणार. त्याऐवजी वीस मिनिटे साध्या चालीने फिरवून आणीन, एवढेच ठरवावे. वीस मिनिटे झाली आणि मन लागले तर चाळीस होतील, नाही लागले तर ठरविलेले पुरे झाले. खिन्नतेच्या दिवसांत माणसाला पुऱ्या झालेल्या लहान कामाचे मोल फार असते.

तिसरी गोष्ट, हिवाळ्याला त्याचे स्वतःचे काम नेमून देणे. उन्हाळ्याच्या धावण्याला हिवाळ्यात जागा नसते. पण शिकण्याला असते. व्हिएन्ना येथील प्रसिद्ध स्पॅनिश रायडिंग स्कूलची जी पांढरीशुभ्र दालनासारखी इमारत आहे ती सम्राट सहाव्या चार्ल्सच्या आज्ञेने १७२९ ते १७३५ या काळात बांधली गेली. तिचे नावच मुळी ‘हिवाळी स्वारीशाळा’ असे आहे. बाहेर बर्फ पडत असताना आत मंद चालीने, वर्तुळे घेत, घोड्याचा तोल सांभाळीत, स्वाराचे बसणे दुरुस्त करीत जे काम होते त्यावर घोडेस्वारीची सारी विद्या उभी आहे. आज गावोगाव पत्र्याच्या छपराखाली वाळू टाकून केलेली साधी रिंगणे आहेत. त्यांत झुंबरे नाहीत, पण काम तेच आहे. वर्तुळ नीट गोल काढणे, थांबवल्यावर घोड्याने चारही पायांवर सरळ उभे राहणे, चालीवरून दुडकीवर जाताना लगामाला हिसका न बसणे. या गोष्टी वेगात शिकता येत नाहीत. वसंतात ज्याची बैठक सुधारलेली दिसते त्याने ती जानेवारीत सुधारलेली असते.

अर्थात काळोखात आणि थंडीत स्वारी करावयाची तर तिचे शास्त्र सांभाळले पाहिजे. उत्साह टिकावा म्हणून सावधपणा सोडणे हा घोड्यावर अन्याय होय. लगामाची लोखंडी कडी गोठलेली असताना घोड्याच्या तोंडात घालू नये, आधी हातात धरून ऊन करावी. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे केवळ चालवावे, कारण थंडीत स्नायू उशिरा मोकळे होतात. दाट केसांचा घोडा घामाने भिजला तर तासन् तास वाळत नाही आणि ओल्या केसांत ऊब राहत नाही. म्हणून दमवू नये, आणि परतल्यावर अंग पुरते कोरडे होईपर्यंत घाम शोषणारी झूल घालून फिरवावे. नाल मारलेल्या खुरात बर्फ दाबला जाऊन त्याचा गोळा होतो आणि घोडा जणू उंच खडावा घालून चालू लागतो. असा घोडा मुरगळतो, घसरतो. त्यासाठी नालबंद नालेखाली रबराची पट्टी बसवितो आणि घसरू नये म्हणून नालेत टोकदार खिळे घालतो. काचेसारखा बर्फ पडलेला असेल त्या दिवशी मात्र कोणताही खिळा पुरा पडत नाही. त्या दिवशी खोगीर भिंतीवरच राहू द्यावे.

काळोखाचेही असेच नियम आहेत. घोड्याच्या डोळ्याच्या आत प्रकाश परतविणारा एक थर असतो, त्यामुळे मंद उजेडात त्याला माणसापेक्षा चांगले दिसते. परंतु लख्ख उजेडातून अंधारात आल्यावर त्याच्या डोळ्यांना सरावण्यास माणसापेक्षा अधिक वेळ लागतो. म्हणून दिव्याखालच्या तबेल्यातून बाहेर आल्याबरोबर निघू नये, थोडे थांबावे, त्याला अंधार पाहू द्यावा. रस्त्यावर मात्र घोड्याला काय दिसते याहून मोटारवाल्याला घोडा दिसतो की नाही हे महत्त्वाचे. स्वाराच्या अंगावर चकाकणारे जाकीट, घोड्याच्या पायांना चकाकत्या पट्ट्या आणि पुढे-मागे दिवा, एवढे केल्यावाचून कोणीही रस्त्यावर येऊ नये.

स्वारी न करण्याचेही एक शहाणपण आहे आणि ते आइसलंडच्या लोकांकडून शिकावे. त्या बेटावर नवव्या-दहाव्या शतकांत आलेल्या वसाहतकारांनी आणलेला लहान, काटक घोडा आजही शुद्ध राखला आहे. बाहेरून घोडा आणण्यास तेथे बंदी आहे आणि एकदा देशाबाहेर गेलेल्या घोड्यालाही परत प्रवेश नाही. सप्टेंबरात डोंगरांवरून मेंढ्या खाली आणण्याचे काम या घोड्यांवरूनच होते. ते संपले की स्वारीच्या पुष्कळ घोड्यांच्या नाला काढतात आणि त्यांना मोकळे सोडतात. दोन-तीन महिने त्यांच्या पाठीवर खोगीर पडत नाही. नाताळ-नववर्षाच्या सुमारास त्यांना परत आणतात, खिळ्यांच्या नाला मारतात आणि काम सुरू करतात. पुढे तलाव पुरते गोठले की त्या बर्फावर त्यांच्या झपाझप पडणाऱ्या, पण स्वाराला धक्का न देणाऱ्या ‘तोल्त’ चालीच्या शर्यतीही होतात. ही विश्रांती म्हणजे हार नव्हे. तिचा पहिला दिवस ठरलेला असतो आणि शेवटचाही. ‘आज राहू दे’ म्हणत सुटलेल्या स्वारीला शेवटचा दिवस नसतो, आणि तीच घातक. तशी सुटलेली स्वारी एप्रिलमध्ये ऊन पडल्यावर एकदम सुरू होते. पाच महिने बसून राहिलेल्या, पाठीचे आणि मांड्यांचे मांस उतरलेल्या घोड्याला मालक पहिल्याच आठवड्यात पळवतो. आणि त्या उत्साहाची किंमत घोड्याच्या शिरा व सांधे देतात.

सातत्य म्हणजे काय याचा एक टोकाचा दाखला रशियाच्या इतिहासात आहे. अमूर नदीकाठच्या कोसॅक घोडदळातील दिमित्री पेश्कोव्ह हा अधिकारी ७ नोव्हेंबर १८८९ रोजी, त्या काळच्या रशियन पंचांगाप्रमाणे, ब्लागोवेश्चेन्स्क येथून एकटा निघाला. सोबतीला सेर्को नावाचा एक लहानखुरा राखाडी घोडा. सैबेरियातला लोहमार्ग तेव्हा सुरूही झालेला नव्हता. सारा हिवाळा सैबेरियाच्या रस्त्यांवर काढून, उरल पर्वत ओलांडून, तो १९ मे १८९० रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे पोहोचला. अंतर सुमारे ८,८०० किलोमीटर, दिवस १९३, आणि आरंभापासून अखेरपर्यंत घोडा तोच.

या प्रवासाकडे लोक साहस म्हणून पाहतात. पण हिशेब केला तर त्यात साहसाहून निराळे काही दिसते. १९३ दिवसांत ८,८०० किलोमीटर म्हणजे विसाव्याचे दिवस धरून रोजचे सरासरी ४५ किलोमीटर. एक चांगला घोडा एका दिवसात याहून पुष्कळ अधिक जाऊ शकतो. पेश्कोव्हने तसे रोज केले असते तर सेर्को बैकल सरोवरापर्यंतही पोहोचता ना. रोज तेवढेच जावयाचे, की उद्या पुन्हा निघता येईल. आपल्या शिक्षिकेची वीस मिनिटे आणि पेश्कोव्हचे पंचेचाळीस किलोमीटर, यांत अंतर कितीही मोठे असले तरी नियम एकच आहे.

स्वीडनच्या जुन्या शेतकऱ्यांना हा नियम कोणी पुस्तकातून शिकविला नव्हता. त्यांनी त्याचा सण केला होता. नाताळचा दुसरा दिवस, २६ डिसेंबर, हा संत स्तेफनाचा दिवस. तिकडील लोकपरंपरेत हा संत तबेल्यातला गडी आणि घोड्यांचा कैवारी मानला जातो. घोड्यांना पाणी पाजणाऱ्या त्या स्तेफनाचे गाणे स्वीडनमधील मुले आजही नाताळच्या दिवसांत गातात. पूर्वी या दिवशी पहाट होण्याच्या कितीतरी आधी शेतावरचे गडी घोड्यांवर बसून अंधारात निघत आणि वाहत्या झऱ्यावर घोड्यांना पाणी पाजीत. त्या पाण्याने घोडे वर्षभर निरोगी राहतात अशी श्रद्धा होती. मग गडी घरोघर स्वारी नेत आणि घरवाले त्यांचे आदरातिथ्य करीत. वर्षातल्या सर्वांत अंधाऱ्या आठवड्यात, सर्वांत थंड घटकेला, घोड्यावर बसून बाहेर पडण्याचा हा सण. त्यातही घोड्याचे पाणी आधी आणि माणसाचा आनंद मागून, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

त्या दिवसानंतर उजेड परतू लागतो. आरंभी दिवसाकाठी एखाद-दुसरे मिनिट, पुढे चार, मग पाच. माणसाच्या ते लक्षात येत नाही. जानेवारी संपतो तरी बर्फ तसाच असतो, पारा तसाच खाली असतो, शाळेतून निघालेल्या शिक्षिकेला वाट तितकीच लांब वाटते. तरी ती तबेल्यात जाते. पाण्यावरचा बर्फ फोडते, लीद काढते, घोडा पुसावयास घेते. आणि फेब्रुवारीतल्या अशाच एका संध्याकाळी खरारा फिरवताना तिला दिसते, की त्यात केस भरले आहेत. दुसऱ्या दिवशी आणखी. बाहेर वसंताचे चिन्ह नाही. पण वाढत्या दिवसाचे माप घोड्याच्या शरीराने घेतले आहे आणि त्याने हिवाळ्याचा अंगरखा उतरवावयास आरंभ केला आहे. घरात बसलेल्या माणसाला ही बातमी मार्चअखेर कळते. जी रोज बादली घेऊन आली तिच्या हाती ती आधी येते.

ती केसांचा पुंजका झटकते, भिंतीवरचे खोगीर काढते आणि घोड्याला घेऊन बाहेर जाते. दारात क्षणभर थांबून ती त्याला अंधार पाहू देते, आणि मग दोघे वाटेला लागतात.